जाड आवाज

ऐकू येत नाही असं सांगितलं म्हणून डॉक्टरांशी भांडणारी माणसं हर्षलनं पाहिली होती. ऐकू येतं असं सांगितलं म्हणून भांडणारा माणूस तो आज पहिल्यांदाच पाहत होता, आणि तो त्याचा बाप होता. नगरच्या सावेडीतल्या त्या छोट्या दवाखान्यात काचेच्या बंद खोलीतून नुकतेच बाहेर आलेले रंगनाथ आबा टोपी सारखी करत खुर्चीच्या कडेवर टेकले होते. कान तपासणारी मनवा, सत्तावीस-अठ्ठावीसची, बोलायला गोड पण कामाला पक्की, हातातला आलेख त्यांच्यापुढे धरून सावकाश सांगत होती. "आजोबा, बारीक आवाज गेलेत तुमचे. पाखरं, भांडी, बायकांचं बोलणं, स आणि श असली अक्षरं. म्हणून कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. पण जाड आवाज शाबूत आहेत. तुमच्या मुलाला येतात तेवढेच ऐकू येतात." आबांनी हे हर्षलकडून पुन्हा एकदा मोठ्यानं वदवून घेतलं आणि मान हलवली. "मशीन खोटं बोलतंय," ते म्हणाले. "बारीक गेलं आसंल. पर जाड बी गेलंय. सात वर्सं झाली. मी सोता पारखलंय." मनवानं हसून विचारलं, कसं पारखलंत. आबा खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिले. आठ दिवसांनी कानाचं मशीन लावून बघायला या, असं तिनं सांगितलं, तर म्हणाले, मशीन नको. आणि उठलेच.

सात वर्षं हा आकडा हर्षलला खडा चावल्यासारखा झाला. आबा वर्षं मोजणाऱ्यांतले नव्हते. त्यांना स्वतःच्या लग्नाचं साल विचारलं तर 'दुष्काळाच्या आदल्या साली' म्हणत. मग हे सात एवढं नेमकं कुठून आलं? आणि आला तो आकडाही नेमका हर्षलचाच. सात वर्षं त्यानं बेस गिटारला हात लावला नव्हता. हे त्यानं कुणाला मोजून सांगितलं नव्हतं, बायकोला, रुपालीलासुद्धा नाही. गाडी अरणगावच्या पुढे निघाली, उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत दौंड रस्त्याला लागली, तरी तो आकडा डोक्यातून जाईना. शेजारी आबा हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. रेडिओ लावायचा नाही, हे आता घरात ठरून गेलं होतं. सातेक वर्षांत आबांशी बोलणं म्हणजे जेवायला चला, गोळी घेतली का, आणि अंगठा वर करणं एवढंच उरलं होतं. गाडीत दोघं असले की हर्षल एकटाच असे, आणि एकटं असलं की त्याचं मन नको त्या बांधावरून चालायला लागे.

आज तर ते टाळायची सोयच नव्हती. सकाळी गंधारचा, 'डांबर' या त्यांच्या जुन्या बँडच्या गायकाचा, निरोप आला होता. 'संध्याकाळी सहापर्यंत सांग. डांबर पुन्हा उभा करतोय. नऊ गाणी आहेत, पाच तुझी आहेत. हो म्हणालास तर वाट बघतो. नाही म्हणालास तर दुसरा बेसवाला घेतो, पण गाणी तुझी आहेत हे स्टेजवरून तोंडानं सांगतो.' गंधार असाच होता, नगरच्या मास्तरांच्या घरातला, भांडतानाही व्याकरणशुद्ध. हर्षलनं तो निरोप सुप्याच्या कारखान्यात, क्वालिटीच्या टेबलाशी उभं राहून तीनदा वाचला, अर्धी सुट्टी टाकली, काष्टीच्या घरून आबांना घेऊन आलेल्या भावाच्या गाडीतून त्यांना उतरवून घेतलं, आणि दवाखाना, पार्किंग, नंबर असल्या कामांत दिवस रेटला. 'नाही' म्हणायचं हे ठरलेलंच होतं. फक्त ते लिहून पाठवायला बोट धजत नव्हतं.

बेस गिटार म्हणजे काय, हे त्याला आयुष्यभर समजावून सांगावं लागलं होतं. लग्न ठरताना रुपालीच्या मामांनी विचारलं होतं, "चारच तारा? मग बाकीच्या दोन कधी बसवणार?" मित्र कौतुकानं मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ लावत, आणि मोबाईलच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून गंधारचा गळा येई, ड्रम येई, झांज तर कान किटवी, फक्त हर्षल येत नसे. बेस त्या स्पीकरातून बाहेरच पडत नाही. पडद्यावर तो डोळे मिटून, मान हलवत, कुणालाच न येणारं काहीतरी वाजवत असे. आई, साळूबाई, तो व्हिडिओ शेजारणींना दाखवताना म्हणे, "ह्यो माझा. ह्येचं काम उभं ऱ्हायचं." तेव्हा हर्षल हसायचा. तरुण होता, स्टेजवर होता, हसायला परवडत होतं.

पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर चौघांचा बँड जमला तेव्हा तिघांना गिटारच वाजवायची होती, आणि हर्षल बैठकीला उशिरा पोचला. उरलं ते त्याच्या गळ्यात पडलं. पहिली दोन वर्षं त्यांनी इंग्रजी गाणी केली, कारण रॉक म्हणजे इंग्रजी असं चौघांनाही वाटत होतं. शब्द लिहायचं कामही हर्षलकडेच आलं. हायवे, शहर, एकटेपणा. शब्दकोशातून उचललेली ती गाणी गंधार मोठ्या तडफेनं गात असे आणि ऐकणारे आपलं समोसे खात असत. मग तिसऱ्या वर्षी एका सुट्टीत काष्टीला आलेला असताना, कांद्याच्या रिकाम्या चाळीत ॲम्प्लिफायर लावून बसलेल्या हर्षलच्या बोटांतून एक ओळ निघाली. चाळीत अशासाठी, की घरात वाजवलं तर म्हैस पान्हा सोडत नाही अशी साळूबाईची तक्रार होती. ती ओळ नवी नव्हती. नदीकाठच्या डिझेल इंजिनाची होती. वीज नव्हती तेव्हा आबा इंजिन सुरू करून अर्ध्या मैलावर उसाला पाणी द्यायला दारं धरत, आणि कामात असतानाच एकदम खोरं थांबवून म्हणत, "पानी तुटलं." इंजिनाचा ठोका हलका झालेला त्यांना तिथं कळे. दुसऱ्या कुणालाच कळत नसे. त्या ठोक्यावर हर्षलनं मराठी शब्द चढवले, आपल्या शेतापर्यंत कधीच न पोचणाऱ्या कालव्याच्या पाण्याचे. गाण्याचं नाव 'चारी नंबर अकरा', कालव्याच्या त्या फाट्याचं. त्या गाण्यानं डांबरला नाव दिलं, बंगळूरला नेलं, शिलाँगच्या थंडीत तीन हजार पोरांना न कळणाऱ्या भाषेत नाचवलं. एका इंग्रजी पेपरानं लिहिलं, की या बँडचा बेस जमिनीखालून येतो. ते कात्रण त्यानं आबांना वाचून दाखवलं होतं. आबा म्हणाले होते, "आपल्या इंजिनावानीच हाय की." हर्षलला तेव्हा राग आला होता. शिलाँग ऐकवलं तर बाप इंजिन म्हणतो.

आणि मग ती यात्रा. तो प्रसंग आठवताना हर्षल अजूनही स्टिअरिंग घट्ट धरत असे. गावच्या यात्रा कमिटीनं मोठ्या मानानं बोलावलं होतं. आपल्या गावचा पोरगा, परप्रांतात गाजलेला, तमाशाऐवजी यंदा त्याचाच कार्यक्रम. कुस्त्या उरकल्या, दिवस मावळला, मैदान भरलं. आबा पहिल्या रांगेत, मानकऱ्यांच्या सोफ्यावर, भल्याथोरल्या स्पीकरांच्या समोर, फेटा बांधून बसले होते. हर्षलनं जन्मात वाजवलं नव्हतं तसं त्या दिवशी वाजवलं. पाठीमागे त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता, त्यामुळे स्टेजवर चौघांनाही सगळं नीट ऐकू येत होतं. खाली गावाकडे जाणारा आवाज मात्र साऊंडवाल्या गोरक्षच्या मिक्सरमधून जात होता. दीड तास टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. सरपंचांनी नारळ दिला. वायरी गुंडाळताना हर्षल मिक्सरपाशी गेला आणि पाहिलं, तर त्याच्या चॅनेलचं बटण पार तळाला ओढलेलं आणि वर चिकटपट्टी. गोरक्ष भला माणूस, खरं ते बोलला. "त्ये पयल्या गान्यापास्नं घुमत हुतं, दादा. मला वाटलं अर्थिंग गेलंय. कार्यक्रमाची माती व्हायला नको म्हनून बंद करून टाकलं." गोरक्षचं सगळं आयुष्य वरातीच्या डीजेत गेलेलं. त्याच्या हिशेबी बेस म्हणजे छातीत धडधड. सुरात चालणारा, वर-खाली जाणारा जाड आवाज त्याच्या लेखी बिघाडच होता.

हर्षल गोरक्षवर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला धक्का बसला तो मैदानाचा. दीड तास तो तिथं नव्हता आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मास्तर म्हणाले, बहारदार. मित्र म्हणाले, नाद खुळा. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरणारे सगळे व्हिडिओ त्यानं एकेक करून पाहिले. आईचंच खरं होतं, त्याचं काम उभं राहण्याचं. घरी आबांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. फेटा सोडला, खुंटीला अडकवला आणि गोठ्याकडे गेले. एवढा एक माणूस तरी काही बोलेल असं हर्षलला वाटलं होतं, का वाटलं होतं ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यानं गंधारला कळवलं, की कारखान्यात शिफ्ट बदलली, जमणार नाही. चॅनेलचं त्यानं सांगितलं नाही. अशी गोष्ट सांगायची तरी कशी? मी नव्हतो आणि तुम्हा कुणाला कळलं नाही, असं म्हटलं की समोरचा पहिल्यांदा हसतो. त्यानंतर गाणीही आली नाहीत. गाणं त्याला नेहमी खालून सुचायचं, आधी ठोका, मग शब्द. आता खालचं सगळं गप्प होतं. नोकरी चांगली चालली होती, पगार वाढला होता, लोक म्हणत माणूस मार्गाला लागला.

कोळगावात आबांनी हात केला, म्हणजे चहा. हॉटेल भरलेलं होतं, ऊसतोडीवरचे ट्रॅक्टरवाले, दोन-तीन दूधवाले, कोपऱ्यात पेपर वाचणारा एक पेन्शनर. पहिला घोट घेऊन आबांनी कप ठेवला आणि विचारलं, "त्या पोरीचं मशीन कितपत खरं आसतं?"

"खरंच असतं, आबा."

"काय?"

"खरं असतं!" हर्षल ओरडला. दोन दूधवाले वळले.

"मंग मला सांग," आबा म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज साऱ्या हॉटेलभर गेला. "जाड ऐकू येतंय तर तुझं का ऐकू आलं न्हाई? यात्रंला. समोर बसलो हुतो. चाळीत वाजवायचास तवा गोठ्यात मला सगळं यायचं, पायातनं यायचं. चारीचं गानं मला पाठ हुतं. आन त्या दिशी तू बोटं हलवतुयास, सगळी डोलत्यात, टाळ्या वाजवत्यात, आन मला तुझं एक ठिपूस ऐकू येईना. म्हटलं, संपलं. कान गेलं. सगळ्या गावाला येतंय आन बापालाच येत न्हाई." त्यांनी कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "कुनाला सांगायचं? तुला काय वाटलं आसतं?"

तो फेटा, ती खुंटी, गोठ्याकडे गेलेली ती पाठ, हे सगळं हर्षलसमोर उलटं फिरून उभं राहिलं. सात वर्षं तो त्या पाठीचा अर्थ एकच लावत आला होता. तो घाईघाईनं बोलायला लागला. "आबा, बंद होतं ते! माझं चॅनेल बंद होतं!"

"कोन बंद हुतं?"

"चॅनेल! माझा आवाज! गोरक्षनं बंद केला होता!" आता पेन्शनरनं पेपर खाली घेतला. ट्रॅक्टरवाले खुर्च्या वळवून बसले. सात वर्षं बायकोपासूनही लपवलेली गोष्ट हर्षल कोळगावच्या हॉटेलात ओरडून सांगत होता आणि ज्याला ती कळायला हवी तो माणूस कानाला हात लावून "आं?" म्हणत होता. तेव्हा त्याला मनवाचं बोलणं आठवलं, जाड आवाज शाबूत आहेत. त्यानं खुर्ची पुढे ओढली, आबांच्या कानाशी वाकला, आणि ओरडणं सोडून अगदी खालच्या, छातीतल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "त्या दिवशी माझा आवाज लोकांकडे जातच नव्हता. कुणालाच ऐकू आला नाही. कुणाच्या ध्यानात पण आलं नाही. फक्त तुमच्या आलं."

आबांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं हर्षलला वाटलं होतं, पण पहिल्यांदा आला तो राग. "म्हंजी सात वर्सं मी उगाच बहिरा झालो?" हॉटेलात कुणीतरी फिसकन हसलं. "आन तू? तू का सोडलंस मंग?"

"कुणाला कळलंच नाही म्हणून."

"येडा का खुळा तू?" आबा म्हणाले. "इंजिन चालतंय का बंद पडलंय त्ये गावाला कळत आस्तं व्हय? उसाला कळतंय. आन दारं धरनाऱ्याला." मग जरा वेळानं, चहा संपवून, राग उतरल्यावर ते अगदी साध्या सुरात म्हणाले, "मशीन नको म्हनायचो त्येचं कारन सांगू? तुझंच ऐकू येत न्हाई म्हटल्यावर बाकीचं कशापायी ऐकायचं? तुझ्या आईचं बोलनं आधीच पाठ हाय मला." चहाचे पैसे पेन्शनरनं देऊ केले. आबांनी घेऊ दिले नाहीत.

पुढचा सगळा रस्ता कुणी बोललं नाही, पण गाडीत आता हर्षल एकटा नव्हता. त्याला विलक्षण हलकं वाटत होतं आणि तेवढीच भीती वाटत होती. मैदानभर माणसांना न कळलेलं एका माणसाला कळलं होतं, त्यानं काय सिद्ध होतं? काहीच नाही, असं त्याचं क्वालिटीवालं डोकं सांगत होतं. एक हा काही आकडा नव्हे. बापाची माया, तीही धरू नये. आणि सात वर्षांत बोटं मेली असतील, तारा गंजल्या असतील, गंधारच्या नव्या पोरांसमोर हसं होईल. 'नाही' लिहून मोकळं व्हावं, हे अजूनही सोपं होतं. पण पाय मात्र क्लचच्या शेजारी केव्हापासून ठोका धरून बसला होता, आणि तो कुठला ठोका आहे हे त्याला कळत होतं. त्यानं पाय थांबवला. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

काष्टीला पोचले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. साळूबाईंनी दारातच विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण? आबा म्हणाले, "मशीन घ्यायचं," आणि सरळ चाळीत जाऊन एका रिकाम्या क्रेटवर बसले. हर्षलनं माळ्यावरून बेस काढला. पेटीवर उंदरांनी नक्षी केली होती, आतलं वाद्य धड होतं. सुरू व्हायला ॲम्प्लिफायरला दोन-तीन थापट्या खाव्या लागल्या. तारा उतरल्या होत्या, त्या चढवताना बोटं कुरकुरली. "म्हशीची धार निघू द्या की आधी," साळूबाई बाहेरून म्हणाल्या. त्या काय म्हणाल्या ते आबांना कळलं नाही, ते एक त्यांच्या बहिरेपणाचं सुख होतं.

हर्षलनं 'चारी नंबर अकरा' घेतलं. पहिल्या कडव्यात बोटं अडखळली, दुसऱ्यात जागेवर आली. पातळ पत्र्याचं छत थरथरायला लागलं. त्यानं सवयीनं डोळे मिटले, आणि मग आठवण होऊन उघडले. आबा क्रेटवर ताठ बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, पायातले जोडे काढून बाजूला ठेवलेले, अनवाणी पावलं जमिनीला लावलेली. चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. दारं धरताना असतो तसा चेहरा होता, कामाचा. हर्षल तिसऱ्या कडव्यातून शेवटाकडे गेला, शेवटचा सूर लांबवला, सोडला. काहीतरी कौतुकाचं कानावर पडेल आणि आपल्याला रडू फुटेल, अशी तयारीही त्यानं करून ठेवली.

"चुकलास," आबा म्हणाले.

"कुठं?"

"तिसऱ्या बारीला. तिथं पानी तुटतंय. तू तिथं थांबायचास, येक दम घेऊन मंग खालनं उचलायचास. आता थांबलाच न्हाईस. तसाच गेलास फुडं."

हर्षलनं मनातल्या मनात ती ओळ चालवून पाहिली. खरं होतं. तिसऱ्या कडव्यात एक मोकळी जागा होती. ती त्यानंच ठेवली होती, चाळीत बसून, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, आणि आज ती तो स्वतः विसरला होता. ती जागा पेपरवाल्यांना दिसली नव्हती, शिलाँगच्या पोरांना नाही, बँडमधल्यांनाही कधी त्याबद्दल बोलावंसं वाटलं नव्हतं. तिथं काही वाजतच नाही, तर कोण काय बोलणार? त्याला वाटलं, आयुष्यात एवढं मोठं कौतुक आपलं कुणी केलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. आबांना ऐकू कमी येत होतं, दिसत चांगलं होतं, पण ते दुसरीकडे बघायला लागले.

सहा वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा गंधारचा फोन आला. हर्षलनं बेस मांडीवरच ठेवून तो घेतला.

"काय ठरलं, हर्ष्या?"

"येतोय. पण दोन आठवडे दे मला. चारीच्या तिसऱ्या कडव्यात चुकतोय."

"काहीतरीच. तू कधी चुकला नाहीस त्यात. कोण म्हणतं?"

"आबा म्हणतायत," हर्षल म्हणाला. पलीकडून गंधार काहीतरी विचारत होता, हसत होता, पण इकडे आबांनी पायानं जमिनीवर हळूच ठोका धरला होता आणि ते त्याची वाट बघत होते. नंतर बोलतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि तिसरं कडवं पुन्हा घेतलं.